सही सांगलीतून, घर एडिसनमध्ये

न्यू जर्सीत घर घेताना ज्या कागदावर खरी रक्कम ठरली, त्याला पेन लागलंच नाही. आणि ज्या कागदात एका डॉलरचाही व्यवहार नव्हता, नुसती "माझ्या वतीने बायको सही करील" एवढीच परवानगी होती, त्याच्यासाठी नवरा सांगलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई गाठून आला. दोन्हींना लागू होणारा कायदा एकच. हे कोडं मला उलगडून दिलं ते आमच्या वकीलबाईंनी, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी, जसजशी अडचण येत गेली तसतसं.

आम्ही एडिसनमध्येच भाड्याने राहत होतो आणि त्याच भागात टाउनहाऊस शोधत होतो. मनासारखं घर मिळालं तेव्हा नेमका नवरा सांगलीला, सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी. तो येईपर्यंत थांबा, असं विकणाऱ्याला सांगायची सोय नव्हती. या भागात बरं घर बाजारात आलं की शनिवार-रविवारच्या ओपन हाऊसमध्येच त्याच्यावर उड्या पडतात. आमची रिअल्टर, म्हणजे घरांची एजंट, म्हणाली, काळजी नको, सगळं ई-साइन होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने ऑफर पाठवली. पाठवली ती दोघांसाठी मिळून माझ्याच एका मेलवर. पहिल्या लिंकवर माझी सही, दुसऱ्या लिंकवर त्याची. "नवरा-बायको आहात ना, तुम्हीच दोन्ही क्लिक करा, सगळे तसंच करतात."

वकीलबाईंना मी कॉपीत ठेवलं होतं. त्यांचा फोन पाच मिनिटांत आला. मेल परत पाठवायला सांगा, नवऱ्याच्या स्वतःच्या पत्त्यावर, त्याच्या स्वतःच्या फोनवर कोड जाईल असा. मला वाटलं, उगाच कीस पाडताहेत. पण त्यांचा मुद्दा अगदी सरळ होता. न्यू जर्सीने २००१ साली जो कायदा केला, 'युनिफॉर्म इलेक्ट्रॉनिक ट्रान्झॅक्शन्स अ‍ॅक्ट', त्यात इलेक्ट्रॉनिक सहीची व्याख्या फार सैल आहे: आवाज, चिन्ह किंवा प्रक्रिया, काहीही चालतं, फक्त ते त्या दस्ताला जोडलेलं हवं आणि सही करण्याच्या हेतूने केलेलं हवं. सहीचं चित्र कसं दिसतं याला किंमत शून्य. किंमत आहे ती दोन गोष्टींना: हेतू होता का, आणि ती कृती त्याच माणसाची होती का. दुसरी गोष्ट कशीही सिद्ध करता येते, कायदा एकच एक पुरावा मागत नाही. म्हणूनच तो पुरावा आधीपासून नीट तयार होऊ द्यायचा. एका मेलवरून, एका फोनवरून, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोन सह्या झालेल्या दिसल्या, तर उद्या विकणाऱ्याचा वकील विचारणार की यातली नवऱ्याची कुठली?

लिंक परत आली. सांगलीत शनिवारची सकाळ उजाडली होती, साडेसहा वाजले असतील. इथे शुक्रवारच्या रात्रीचे नऊ. नवऱ्याने हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता सही केली. शेजारी धाकटे दीर बसले होते. ते सीए आहेत, त्यांचा दिवस डिजिटल सह्यांमध्येच जातो. नवऱ्याने नाव टाईप केलं, तिरप्या वळणाच्या अक्षरांचा एक नमुना निवडला, बोट टेकवलं, झालं. दिरांनी मला तिथूनच फोन लावला. "वहिनी, याला काय सही म्हणतात? डोंगल नाही, आधारचा ओटीपी नाही, काही नाही. उद्या मी दादाचं नाव टाईप केलं तर मी पण एडिसनमध्ये घर घेतलं का?"

त्यांचं हसणं बरोबर होतं, कारण आपल्याकडचा कायदा वेगळ्या अंगाने जातो. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात सरकारमान्य पद्धतीने केलेल्या सहीलाच पूर्ण वजन मिळतं: परवानाधारक संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र, यूएसबी टोकन, नाहीतर आधारवर चालणारं ई-साइन. न्यू जर्सीत तंत्र कुठलं हे सरकार ठरवतच नाही. तो सांभाळ तुमच्यावर सोडलाय. भारतात सहीच भक्कम करायची. इथे सही हलकी आणि तिच्यामागची नोंद भक्कम. मला स्वतःला भारतातली पद्धत निर्धास्त वाटते, पण तिच्या भरवशावर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून घराची ऑफर गेली नसती हेही खरं.

ती नोंद मी नंतर नीट वाचली, आणि सगळ्यांनी वाचावी असं मला वाटतं. सह्या पूर्ण झाल्या की पीडीएफच्या मागे एक प्रमाणपत्र येतं. बहुतेक लोक ते उघडतही नाहीत. त्यात मेल कधी गेला, कधी उघडला, सही कधी झाली याच्या वेळा सेकंदापर्यंत. दोघांचे वेगवेगळे आयपी पत्ते. फोनवर कोड गेल्याची नोंद. आणि शेवटी दस्ताची एक लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ, जी नंतर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी जुळत नाही. माझ्या ओळीत आयपी घरच्या इंटरनेटचा, त्याच्या ओळीत भारतातल्या मोबाईल कंपनीचा. करार ऐंशी टक्के छापील मजकूर होता, त्याच्यापेक्षा हे एक पान मला जास्त खरं वाटलं.

माझी सही देवनागरीत आहे, शाळेपासून. पासपोर्टवर तीच, इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवरही तीच. सॉफ्टवेअर मला तयार नमुने देत होतं ते सगळे इंग्रजीत. मी तो पर्याय सोडून बोटाने रेखाटली. आडनावाची रेघ जरा वाकडी गेली. वकीलबाईंना विचारलं, चालेल ना? त्या म्हणाल्या, छापील नाव डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, जाणार तसंच्या तसं असू दे, सही म्हणून तू मोर काढलास तरी कायद्याला हरकत नाही.

करारावर सगळ्यांच्या सह्या होऊन प्रत दोन्ही बाजूंना पोचली की न्यू जर्सीत तीन कामाचे दिवस 'ॲटर्नी रिव्ह्यू'चे. रिअल्टरने भरलेल्या करारात हे कलम असावंच लागतं. या तीन दिवसांत कुठल्याही बाजूचा वकील कारण न देता करार नामंजूर करू शकतो. शनिवार-रविवार धरत नाहीत, म्हणजे आमची मुदत बुधवारपर्यंत. करारात लिहिलं होतं की नामंजुरी कळवायची ती सर्टिफाइड टपालाने, प्रत्यक्ष हातात देऊन, किंवा तारेने. तारेने! अमेरिकेतली वेस्टर्न युनियनची तारसेवा २००६ मध्ये बंद झाली, पण आमच्या फॉर्ममध्ये ती जिवंत. मी विचारलं, मग मेलने कळवलेलं चालतं का? या प्रश्नावर राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला होता. विकणाऱ्याच्या वकिलाने मुदतीत फॅक्स आणि मेलने नामंजुरी कळवली. घेणारे म्हणाले, करारात मेल हा शब्दच नाही, त्यामुळे करार पक्का झाला, आम्हाला घर द्या. २०१७ मध्ये कोर्टाने घेणाऱ्यांचं म्हणणं फेटाळलं: नोटीस मिळाली आहे हे कुणी नाकारत नाही, आता धंद्याची रीतच मेल-फॅक्सची आहे, तेव्हा ते ग्राह्य. वकीलबाईंनी आमच्या दुरुस्त्या मेलनेच पाठवल्या आणि वर पोच मागून ठेवली.

याच टप्प्यावर मी एक भाबडा प्रश्न विचारला. नवऱ्याने सही सांगलीत केली, मग करार भारतात झाला की काय? याचंही उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक दस्त कुठून पाठवला, कुठे पोचला, हे फोन कुठे होता यावर ठरत नाही. पाठवणाऱ्याचं धंद्याचं ठिकाण, आणि ते नसेल तर राहतं घर, तिथूनच तो गेला असं धरतात. म्हणजे त्याने मिरज-कोल्हापूर पॅसेंजरमध्ये बसून सही केली असती तरी ती एडिसनची.

इथवर सगळं लोण्यासारखं गेलं. मग आला लेंडर.

कर्ज देणाऱ्या कंपनीचं पोर्टल भारतातून उघडेना. सुरक्षा म्हणून परदेशी आयपी बंद. कर्जाची माहितीपत्रकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घ्यायची तर प्रत्येक कर्जदाराने स्वतः संमती द्यायची आणि आपल्याला ती उघडता येतात हे दाखवायचं, अशी अट २००० सालच्या केंद्रीय ई-साइन कायद्यात आहे. ज्याला पोर्टलच उघडत नाही तो काय दाखवणार? कस्टमर केअरवाल्याने सुचवलं की मिसेसनी त्यांच्या लॉगिनने उघडावं. वकीलबाई आता लिंबू पिळल्यासारखं तोंड करत असतील, अशी मी फोनवर कल्पना केली. त्याची कागदपत्रं शेवटी टपालाने आमच्या एडिसनच्या पत्त्यावर आली, जाडजूड पाकिटात.

या केंद्रीय कायद्याचा एक किस्सा मला आवडतो. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो मंजूर केला ३० जून २००० रोजी, फिलाडेल्फियात, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. समारंभात त्यांनी स्मार्ट कार्ड वापरून इलेक्ट्रॉनिक सही करून दाखवली, पासवर्ड 'बडी', त्यांच्या कुत्र्याचं नाव. पण विधेयकाचा कायदा झाला तो त्यांनी पेनाने केलेल्या सहीने. राज्यांचा नमुना कायदा, म्हणजे न्यू जर्सीने २००१ मध्ये घेतला तोच, त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये तयार झाला होता आणि एकेक करत ४९ राज्यांनी तो घेतला. राहिलं एकटं न्यू यॉर्क. हडसन ओलांडली की कायद्याचं नाव वेगळं, त्यांचा स्वतःचा. परिणाम मात्र जवळपास तोच.

क्लोजिंगची, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन घर ताब्यात येण्याची, तारीख जवळ आली आणि सासूबाईंची फिजिओथेरपी काही संपेना. लेंडरचं म्हणणं, क्लोजिंगला दोघांच्या सह्या निळ्या शाईने हव्यात. निळी अशासाठी की काळी शाई झेरॉक्ससारखी दिसते. मी तावातावाने वकीलबाईंना म्हटलं, केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून सही नाकारता येत नाही, असं न्यू जर्सीच्या कायद्यात स्पष्ट आहे ना?

आहे, त्या म्हणाल्या. पण त्याच्या दोन कलमं आधीचं वाच.

तिथे लिहिलं आहे की हा कायदा कुणालाही इलेक्ट्रॉनिक दस्त वापरायची सक्ती करत नाही. दोन्ही बाजू तयार असतील तरच तो लागू. आणि एका व्यवहारात तयार झालेला माणूस पुढच्या व्यवहारात नाही म्हणू शकतो. हा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. म्हणजे कोर्टाला तोंडावर सांगितलंय की इलेक्ट्रॉनिक म्हणून फेकू नका. लेंडरला मात्र कुणी सांगितलेलं नाही की घ्याच. 'ई-साइन कायदेशीर आहे' हे वाक्य आपण सगळे सर्रास फेकतो, त्यातला हा अर्धा भाग मला तोवर ठाऊकच नव्हता. विकणारा तयार होता, म्हणून ऑफर कॅन्टीनमधून गेली. लेंडर तयार नाही, म्हणून पेन. भांडायला जागाच नाही.

प्रॉमिसरी नोटच्या, म्हणजे कर्ज फेडण्याच्या लेखी वचनाच्या, बाबतीत लेंडरचा आडमुठेपणा मला नंतर थोडा पटलाही. करार दोघांत राहतो; नोट मात्र विकली जाते. आज या लेंडरकडे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे. पैसे मागायचा हक्क मूळ नोट ज्याच्या हातात त्याचा. संगणकातल्या फाइलीच्या हजार प्रती निघतात आणि सगळ्याच मूळ दिसतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक नोटेसाठी ताबा नेमका कुणाकडे हे दाखवणारी वेगळी यंत्रणा लागते. कायद्यात तिची सोय आहे, मोठे लेंडर ती वापरतातही. आमच्या लेंडरकडे ती नव्हती, आणि आमच्यासाठी ते ती बसवणार नव्हते.

मग नवऱ्याने मला पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र, द्यायची ठरली, फक्त या एका घरापुरती. तीही इलेक्ट्रॉनिक होऊ शकली असती. न्यू जर्सीने २०२१ मध्ये दूरस्थ नोटरी कायम केली: व्हिडिओ कॉलवर ओळखपत्र दाखवायचं, जुन्या पत्त्यांवर आणि जुन्या गाडीच्या कर्जावर प्रश्नांची उत्तरं द्यायची, कॉलचं रेकॉर्डिंग १० वर्षं जपायचं. मालमत्ता अमेरिकेतली असेल तर सही करणारा परदेशात असला तरी चालतं. वकीलबाईंनी टायटल कंपनीला, म्हणजे घराची मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या कंपनीला, विचारलं. टायटल कंपनी म्हणाली आमची हरकत नाही, लेंडरचं लेखी आणा. लेंडर म्हणाला नाही. कारण विचारलं तर 'कंपनीचं धोरण'. पुन्हा तेच कलम.

दोन वाटा उरल्या. सांगलीत नोटरी, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का. नाहीतर मुंबईत अमेरिकन वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही, एका शिक्क्याला ५० डॉलर. वकिलातीचा शिक्का पाहून लेंडर कुरकुर करणार नाही असा वकीलबाईंचा होरा. मसुदा त्यांनी लेंडरच्या वकिलाकडून आधी शब्दन् शब्द मंजूर करून घेतला, मगच नवऱ्याने अपॉइंटमेंट घेतली. प्रिंट काढताना दिरांच्या ऑफिसात ए-फोर कागद, इकडचा लीगल साइज. शेवटची ओळ दुसऱ्या पानावर उतरली. ती परत वर आणली, कारण सही एकटी वेगळ्या पानावर गेली की मंडळी शंका काढतात.

बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये मोबाईल आत नेता येत नाही. ज्याने फोनवर टेकवलेल्या बोटाने घराचा करार केला, तो हातात नुसती प्लास्टिकची पारदर्शक फाइल, पासपोर्ट आणि अपॉइंटमेंटचा कागद घेऊन रांगेत उभा राहिला. आधी सही करून नेलेली चालत नाही. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, कागदात काय आहे ते समजलंय का, स्वखुशीने सही करताय का, एवढं विचारलं, सही करायला लावली आणि शिक्का मारला. तो म्हणतो, रांगेत जेवढा वेळ गेला त्याच्या दहाव्या हिश्श्यात खिडकीवरचं काम झालं. आणि गंमत अशी की विचारलं काय? हेतू आहे का आणि माणूस तोच का. कॅन्टीनमधल्या सहीमागेही हीच दोन उत्तरं ठेवली होती, फक्त ती प्रमाणपत्राच्या पानावर होती आणि ही माणसाच्या तोंडून.

मूळ कागद कुरियरने आला. क्लोजिंगच्या टेबलावर मी एकटी बसले आणि प्रत्येक पानावर दोन सह्या केल्या. माझी स्वतःची देवनागरी, भराभर. आणि त्याच्या जागी त्याचं पूर्ण नाव, मग 'बाय', मग माझं पूर्ण नाव, मग 'ॲटर्नी-इन-फॅक्ट', दर वेळी सगळं हाताने इंग्रजीत. नोट, मॉर्गेज, एस्क्रोचे कागद, विम्याचे, आम्ही तिथेच राहणार असल्याचं प्रतिज्ञापत्र. नोटरीबाईंनी माझ्या लायसन्सवरची सही आणि कागदावरची सही ताडून पाहिली, अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती तरी वळणं जुळवली, आणि मान डोलावली. अर्ध्यावर बोटं आखडली तेव्हा वकीलबाईंनी चॉकलेटची वाटी पुढे सरकवली.

हे सगळं शाईने माखलेलं बाड पुढे गेलं कुठे? टायटल कंपनीने ते स्कॅन केलं आणि डीड, मॉर्गेज, पॉवर ऑफ ॲटर्नी तिन्ही मिडलसेक्स काउंटीच्या क्लार्ककडे, न्यू ब्रन्सविकला, इंटरनेटवरून नोंदवलं. आज कुणी आमच्या घराची नोंद शोधली तर त्याला दिसते ती प्रतिमा. निळी शाई त्यात काळीच दिसते.

दिरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, वहिनी, आता उलटं करून बघा. सांगलीच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीसाठी दादाची पॉवर लागणार आहे. ती नोटरी आणि अपोस्टिल करून कागदावरच पाठवायची, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक भरायचा. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत इलेक्ट्रॉनिक न चालणाऱ्या दस्तांची यादी आहे, मृत्युपत्र त्यात आहे, कुलमुखत्यारपत्रही आहे. २०२२ मध्ये ती यादी थोडी सैल केली, पण मुखत्यारपत्रापुरती ती सूट बँका आणि तशा नियंत्रित संस्थांच्या नावे दिलेल्यांना. भावाच्या नावे दिलेल्याला नाही. इथे न्यू जर्सीच्या कायद्यातही मृत्युपत्र बाहेरच ठेवलंय. तिथे दोन्ही देशांचं एकमत.

आता कुणी ओळखीचं घर घेताना विचारतं तेव्हा मी मोजकंच सांगते. नवरा-बायकोचे मेल आणि फोन नंबर पहिल्या ऑफरपासून वेगळे द्या. सह्यांचं प्रमाणपत्र करारासोबत उतरवून ठेवा, त्या कंपनीचं खातं बंद झालं की ते शोधत बसाल. आणि दोघांपैकी कुणी भारतात जाणार असेल, तर लेंडर निवडण्याआधीच लेखी विचारा: दूरस्थ नोटरी घेता का, पॉवर ऑफ ॲटर्नी घेता का, मूळ प्रत लागेल का. आमच्या लेंडरने पॉवरची मूळ प्रत ठेवून घेतली आणि अजून परत दिलेली नाही.